डावा पाय, उजवा पाय: मागाच्या शेडमधल्या टेलव्हीलच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि काका नेहमीसारखे सुपारी कातरत बसले. काका म्हणजे वडिलांचे मित्र. सत्तरच्या दशकात एका फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टर होते, पुष्पक विमानावर. आता वय ७९. मी बेल ४१२ हेलिकॉप्टर चालवतो. जुहूहून मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणं-आणणं हा रोजगार. दर भाऊबीजेला काकांचा एकच प्रश्न असतो, "अजून फॅनखालीच बसतोस का बे?"

यंदा उत्तर तयार होतं. म्हटलं, विमान शिकायला चाललोय, फेब्रुवारीत.

"कुठलं?"

"पायपर कब."

अडकित्ता थांबला. "शेपटीवर बसणारं?"

"हो."

"बरं केलंस. नाकाखाली चाकवालं घेतलं असतंस तर सुपारी दिली नसती."

तर ठरलेलं काम असं. टेक्सासला मावसबहीण आहे, तिच्या घरापासून तासाभरावर गवताची धावपट्टी आहे, तिथे जे-३ कबवर (टेलव्हील, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली) दहा तास ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत. लायसन्सचा विषय यात नाही. डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या विमान खात्याकडे, हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं आणि विमानाचं वेगळं. ते नंतर रीतसर काढीन. आत्ता फक्त हातपाय. तोपर्यंत हाताशी साडेतीन महिने आहेत, त्यातली ड्यूटी वजा करता निम्मे. तेवढ्यात वडिलांच्या शेडमध्ये पेडलचा एक सांगाडा, म्हणजे रिग, उभा करून सिम्युलेटरवर पाय घासायचे.

१२ नोव्हेंबर

शेड सोलापूरच्या पूर्व भागात आहे. एके काळी आठ माग होते, टॉवेलचे. सहा विकले, दोन उभे आहेत आणि त्यांच्यावर बसायला कबुतरं आहेत. झाडायलाच दीड दिवस गेला. अण्णा (आमचे जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, घरात तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा अस्सल सोलापुरी) मदतीला आले. त्यांना वाटलं मी माग चालू करतोय. विमानाचं म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "विमान राहू द्या मालक, पेडल म्हणालात ना, ते होतंय."

भंगारातून मारुतीची पुढची सीट ४०० रुपयांना. मागाच्या अँगलमधून सांगाडा. आडवी पट्टी मधोमध बेअरिंगवर, दोन टोकांना पेडल. एक पुढे गेलं की दुसरं मागे. पट्टीची हालचाल मोजायला पॉट (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरता भाग), पॉटची तार आर्दुइनो लिओनार्डो या छोट्या सर्किट बोर्डाला, आणि त्याची यूएसबी लॅपटॉपला. लिओनार्डो निवडला कारण तो स्वतःलाच जॉयस्टिक म्हणवून घेतो, मधे दुसरं काही लागत नाही.

१८ नोव्हेंबर

पेडल चालतात, पण पडद्यावरचा रडर (पेडलने हलणारी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी) नुसता उभा असतानाही वळवळतो. पॉट स्वस्तातला, त्यात शेडमधली सुताची धूळ. पॉट काढून लिनिअर हॉल सेन्सर (चुंबक किती सरकला ते न शिवता ओळखणारा) आणि दोन छोटे चुंबक लावले. घासणारं काही उरलंच नाही. वळवळ थांबली.

स्प्रिंग लावली नव्हती. हेलिकॉप्टरच्या पेडलला पाय ठेवला तिथे ते राहतं, मला तीच सवय. काकांनी फोनवर ऐकूनच नापास केलं. विमानाचा रडर हवेत असतो, वेग असला की हवा त्याला मधे ढकलते, पायाला उलटा दाब लागतो. वेग उतरला की तेच पेडल पोकळ लागतं. अण्णांनी मागावरच्या दोन स्प्रिंगा काढून लावल्या. इतक्या कडक की पाच मिनिटांत पिंढऱ्या भरून आल्या. तूर्त तशाच.

२४ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार.

काका रिक्षाने आले, आत शिरले आणि माझ्या सांगाड्याकडे न बघता कोपऱ्यातल्या बीमच्या गाडीकडे गेले. सुताचं बीम मागापर्यंत न्यायची ही लोखंडी ढकलगाडी. एका टोकाला दोन पक्की चाकं, दुसऱ्या टोकाला एक फिरतं. काकांनी गाडीच्या मधोमध टॉवेलचं जुनं गाठोडं ठेवायला लावलं.

"फिरतं चाक पुढं कर. ढकल आणि सोड."

ढकललं. गाडी सरळ समोरच्या भिंतीला जाऊन लागली.

"आता उलटी. फिरतं मागं."

गाठोडं तेच, ढकलणारा हात तोच. गाडी चार-पाच फूट बरी गेली. मग जरा डावीकडे झुकली. मग जास्त. मग एकदम सबंध फिरली, तोंडाचं ढुंगण झालं आणि मागाच्या पायावर आदळली. कबुतरं उडाली.

"बघितलंस? तिला तिचं वजन पुढं पाहिजे असतंय. चाकांच्या मागं वजन ठेवलं की ते पुढं यायला बघतंय. विमानात पण तेवढंच आहे, बाकी सगळं पुस्तक आहे."

पुस्तकात मी हे दहा वेळा वाचलं होतं. सेसनासारख्या नाकाखाली चाक असलेल्या विमानात मोठी चाकं वजनाच्या मध्याच्या मागे असतात; विमान जरा तिरकं टेकलं तर वजनच त्याला सरळ ओढतं. टेलव्हीलमध्ये मोठी चाकं वजनाच्या मध्याच्या पुढे. जरा तिरकं झालं की वजन त्याला आणखी तिरकं करतं, आणि तिरकं होण्याचा वेग वाढत जातो. याला ग्राउंड लूप म्हणतात. काका गिरकी म्हणतात. या वहीत गिरकी.

मग तासभर खेळ झाला. गाडीच्या मागच्या टोकाला डाव्या-उजव्या बाजूने दोन सुतळ्या. अण्णा पुढून गाडी ओढणार, मी मागे चालत फक्त सुतळ्यांनी ती सरळ ठेवणार. पहिल्या सहा फेऱ्यांत सहा गिरक्या. मी चूक दिसली की ओढत होतो आणि ओढून धरून ठेवत होतो. गाडी सरळ व्हायची आणि त्याच झोकात दुसऱ्या बाजूला जायची.

काका खुर्चीवरून ओरडत होते, "दे आणि घे! दे आणि घे! धरून काय बसतोस, बैल आहे का तो!"

इथे माझी हेलिकॉप्टरची खोड उघडी पडली. आमचे पाय मेलेले नसतात, हवेत एका जागी थांबायचं (हॉवर) तर पाय सतत जागे लागतात, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण आमचं पेडल हे पॉवरशी केलेलं कायमचं देणं-घेणं असतं. इतकी पॉवर, इतकं पेडल, ठेव तिथे. इथे ठेवायचं नाही. टोचायचं आणि लगेच परत घ्यायचं, गाडी फिरलेली दिसायच्या आत.

चौदाव्या फेरीत भिंतीपर्यंत सरळ पोचलो. अण्णांना घाम फुटला होता.

१ डिसेंबर

डाव्या-उजव्याचा हिशोब आज कागदावर मांडला, कारण डोक्यात तो सारखा उलटतो.

नाशिकला आर्मी एव्हिएशनच्या शाळेत मी चेतकवर शिकलो. चेतक मुळात फ्रेंच, त्याचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. म्हणून कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) वर उचललं की हेलिकॉप्टरचं अंग उलट्या दिशेला वळू पाहतं, नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय द्यावा लागतो. पुढे नोकरीत बेल ४१२ आलं. अमेरिकन. रोटर उलटा, नाक उजवीकडे, डावा पाय. तो बदल अंगवळणी पडायला मला तेव्हा बरेच दिवस लागले होते, ते लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं.

कबचं इंजिन कॉन्टिनेन्टल, ६५ हॉर्सपॉवर. पंखा आत बसून पाहिला तर काट्याप्रमाणे. पॉवर दिली की नाक डावीकडे. पुन्हा उजवा पाय! म्हणजे फौजेत शिकलेलं कामाला येणार आणि पुढची चौदा वर्षं आडवी येणार.

काकांना हे वाचून दाखवलं तर हसले. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचा पंखा उलटा फिरायचा, त्याला पॉवरबरोबर डावा पाय लागायचा. मॉथवर शिकून पुष्पकवर आलेल्यांची हीच बोंब होती, असं त्यांना त्यांच्या इन्स्ट्रक्टरनी सांगितलं होतं. पुष्पक आपल्याच एचएएलचं, बेंगळुरूचं. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेन्टल, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड. "कापडाचं विमान," असं अण्णांना सांगितल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर विमानाविषयी आदर दिसला. कुठलं कापड, किती काऊंट (सुताची जाडी), हे विचारलं. काकांना काऊंट माहीत नव्हता. काका गप्प बसलेले मी फार कमी वेळा पाहिलेत.

डाव्या हाताचंही लिहून ठेवतो. कबमध्ये काठी उजव्या हातात, थ्रॉटल (पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) डाव्या. आमचंही तसंच, सायक्लिक (आमची काठी) उजव्या, कलेक्टिव्ह डाव्या. ऐकायला सोपं. पण कलेक्टिव्ह वर ओढलं की मशिन वर जातं आणि थ्रॉटल मागे ओढला की इंजिन बसतं. हाताचा स्नायू एकच.

उद्यापासून ड्यूटी.

२९ डिसेंबर

चार आठवड्यांनी शेड. स्प्रिंगा नरम केल्या. अण्णांनी आकड्यांची पट्टी केलीय, स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवायची ते बदलता येतं.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये जे-३ कब नव्हतं, स्टिन्सन एल-५ होतं. दुसऱ्या महायुद्धातलं, शेपटीवर बसणारंच, पण कबपेक्षा जड आणि ताकदवान. घेतलं. विमानतळ अर्थात आपलाच, होटगी रोडचा, धावपट्टी १५/३३. वारा पश्चिमेचा, २७० अंशांवरून १५ नॉट. म्हणजे ३३ वर (तोंड ३३० अंशांकडे) उतरताना वारा ६० अंश तिरका, आणि आडवा भाग १३ नॉटचा. जूनमध्ये आपल्याकडे असा वारा असतोच.

२० लँडिंग, ७ गिरक्या.

काका मागे बसून बघत होते आणि दर वेळी फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) म्हणत, "चिमणी बघ, चिमणी." साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. सगळ्या सोलापूरने पाहिली. काकांना अजून तिथे दिसते.

रात्री शेतावर हुरडा. या विषयावर काहीही बोलायचं नाही अशी घरून ताकीद होती.

१३ जानेवारी २०२५, भोगी

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ पोचलो तेव्हा मुंगीला वाट नव्हती. काकांना गर्दीत नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून आम्ही नंदीध्वजांच्या वाटेवर एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र", आणि गर्दीच्या डोक्यावरून हळूहळू सरकत येणारे उंच काठीचे सात ध्वज.

दरवर्षी मी वर बघतो. सगळेच वर बघतात. काकांनी कोपराने ढोसलं, "खाली बघ. पाय."

पेलणारा माणूस आमच्यापासून सहा फुटांवर होता. वरचं टोक वाऱ्याने जरा पुढे गेलं की त्याचं पाऊल अर्ध्या वितीने पुढे. लगेच मागे. बाजूला, परत. पाऊल एकदाही पूर्ण पडलं नाही. मान वर, नजर टोकावर, आणि पायांचं चाललेलं त्याला माहीतही नसावं. डावा अंगठा दगडावर ठेचकाळला, नखातून रक्त आलं, तरी पाऊल चुकलं नाही.

काका काहीच बोलले नाहीत. माणूस पुढे गेला, आम्ही चहा घेतला.

घरी येऊन रिगवर १० लँडिंग केली. नजर धावपट्टीच्या पार टोकावर ठेवली, नाकासमोर नाही. २ गिरक्या.

२३ फेब्रुवारी

परतलो. वही तिकडे नेली होती, पण तिकडे लिहिलं ते सगळं वेळा आणि आकडे. एकूण ११ तास २० मिनिटं, ६३ लँडिंग. काकांना शेडमध्ये बसवून सगळं सांगितलं, तेच इथे उतरवतो.

कब खरोखर किती लहान असतं ते फोटोत कळत नाही. पिवळं कापड, बोटाने वाजवलं तर डफासारखं वाजतं. शिकणारा मागच्या सीटवर. पुढे इन्स्ट्रक्टर, रुंद पाठीचे, सत्तरीचे, आणि त्यांच्या पाठीपलीकडे विमानाचं नाक आकाशाकडे. समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. टॅक्सी करताना नागमोडी जायचं आणि बाजूच्या खिडकीतून वाट बघायची. पेट्रोलचा काटा म्हणजे टाकीत तरंगणारं बूच आणि त्यात खोचलेली तार. तार जेवढी बाहेर दिसते तेवढं पेट्रोल. स्टार्टर नाही, बॅटरी नाही. पंखा हाताने फिरवून चालू करायचा. ब्रेक टाचेने. या सगळ्यावर काका नुसते मान डोलवत होते, आपल्याच घरचं वर्णन ऐकावं तशी.

पहिला टेकऑफ. थ्रॉटल पुढे केला आणि डावा पाय गेला. इतके आठवडे रिगवर उजवा उजवा घोकलं होतं. नाक आधीच डावीकडे जात होतं, त्यात मी आणखी लोटलं. धावपट्टीवरून गवतात, गवतातून जास्त उंच गवतात, तेवढ्यात पुढच्या पाठीने विमान काढून घेतलं. वर गेल्यावर त्यांनी मागे न वळता विचारलं, कुठलं हेलिकॉप्टर? मी म्हटलं बेल. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे असे आधी येऊन गेले असावेत.

दुसऱ्या दिवसापासून पाय बरा झाला. शेपूट उचलली की नाक आणखी एक झटका डावीकडे खातं, हे मात्र एका वाक्यात पटलं. फिरत्या चकतीला दिलेला धक्का पाव फेरा पुढे जाऊन दिसतो, हे हेलिकॉप्टरवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

खरी फजिती लँडिंगची. आणि ती पायांची नव्हती.

हेलिकॉप्टर उतरवताना शेवटी काठी मागे घेऊन वेग मारायचा, आणि जमीन जवळ आली की काठी पुढे देऊन मशिन सपाट करायचं, नाहीतर शेपूट आपटते. हा "शेवटी पुढे" इतका खोल बसलाय की मला तो करतोय हेच माहीत नव्हतं. कबला तीन चाकांवर टेकवायचं तर काठी मागे, आणखी मागे, पोटाला लागेपर्यंत मागे, आणि टेकल्यावरही मागेच. मी फूटभर उंचीवर नेमकी काठी पुढे द्यायचो. पुढची चाकं आपटायची, विमान उसळायचं, मी घाबरून पुन्हा पुढे द्यायचो. एका लँडिंगमध्ये तीन उसळ्या. इन्स्ट्रक्टर म्हणाले, फी एकाच लँडिंगची घेईन.

त्यांनी उपाय काय केला, तर माझ्या पट्ट्याला उजव्या बाजूने एक कपड्याचा चिमटा लावला. काठी मागे आली की मूठ त्या चिमट्याला लागली पाहिजे, आणि विमान उभं राहीपर्यंत लागलेलीच राहिली पाहिजे. बाकी काही बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा मूठ चिमट्याला लागली आणि त्याच क्षणी खाली तिन्ही चाकं गवतात घुसल्याचा सुर्र आवाज आला. उसळी नाही.

मी हसलो, खांदे सैल सोडले. आणि विमान फिरू लागलं.

कारण आमचं उतरणं टेकल्यावर संपतं. स्किड (चाकांऐवजी असलेल्या नळ्या) जमिनीला लागले, कलेक्टिव्ह खाली, झालं. वेग शून्यच असतो. इथे टेकलो तेव्हा ताशी ४० मैल होते आणि त्यातले निम्मे अजून शिल्लक होते. नाक डावीकडे गेलं, मी बघत राहिलो, पुढच्या पाठीने उजवा पाय मारला. पाव गिरकीत सुटलं. धावपट्टीच्या कडेला थांबून त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, शेपटीजवळ जाऊन जमिनीतली दोरी उचलून दाखवली आणि म्हणाले, ही बांधली की उतरलास.

काका म्हणाले, "पुष्पकला आम्ही हेच सांगायचो." मग थोडं थांबून, "पण चिमटा नव्हता आमच्याकडं."

२ मार्च

राहिलेलं थोडक्यात.

वेगाचा डोळा. माझ्या डोळ्याला जमिनीजवळ वेग कमी होणं बरं वाटतं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर हळू म्हणजे सुरक्षित. कबला फायनलवर ताशी ६० मैल ठेवायचे, मी नकळत ४५ वर आणायचो, आणि ३८ च्या आसपास ते पडतं. चार वेळा टोकलं गेलो. हे रिगवर कधी लक्षात आलं नाही, कारण पडद्यावर पोटात गोळा येत नाही.

पुढच्या दोन चाकांवर उतरणं, शेपूट वर ठेवून. इथे टेकल्या टेकल्या काठी किंचित पुढे द्यावी लागते. म्हणजे माझी तीच वाईट खोड इथे शाबासकी मिळवून गेली. पण या लँडिंगला थोडी पॉवर ठेवतात, आणि खाली बसतंय असं वाटलं की माझा डावा हात कलेक्टिव्ह समजून थ्रॉटल मागे ओढायचा. धप्प. दोनदा.

आडव्या वाऱ्याची सगळ्यांत जास्त धास्ती होती आणि तोच सगळ्यांत सोपा गेला. वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर, नाक धावपट्टीवर. आम्ही आडव्या वाऱ्यात एका जागी थांबतो तेव्हा दुसरं काय करतो? काठी वाऱ्याकडे, नाक पेडलने धरलेलं. इन्स्ट्रक्टरनी पहिल्यांदाच वळून बघितलं. शेडमधल्या १३ नॉटचे आभार की वीस वर्षांच्या हॉवरचे, ठाऊक नाही. मला वाटतं हॉवरचे. अण्णांना मात्र पेडलचे असं सांगितलंय.

३० मार्च, गुढीपाडवा

ड्यूटी संपवून रात्रीच्या गाडीने आलो.

या नोंदीचा प्रकल्पाशी संबंध उलट्या बाजूने आहे. तिकडून आल्यावर ४१२ वर पहिल्या दिवशी बसण्याआधी सोबतच्या कॅप्टनना सगळं सांगितलं. पाय उलटे घासून आलोय, पहिल्या दोन उचलण्यांना तुमचे पाय पेडलवर असू द्या. ते जरा हसले, पण पाय ठेवले. बरं झालं. कलेक्टिव्ह उचललं तेव्हा दोन्ही पायांनी एकमेकांकडे बघितलं. उजवा पुढे जाणार होता, मी थांबवला, डावा उशिरा गेला. नाक पाच-सहा अंश उजवीकडे. प्रवासी नव्हते. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा विचारच करावा लागला नाही.

मला भीती होती की नवं शिकताना जुनं पुसेल. पुसलं नाही, पण दाराशी दोघं एकदम आले की खोळंबा होतो. यापुढे दोन्हींच्या मधे किमान दोन दिवस काहीही चालवायचं नाही. रिगसुद्धा नाही. श्रीखंड खाऊन झोपलो.

१३ एप्रिल

शेडमध्ये दुपारी ४२ अंश. पत्र्याखाली जास्तच. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फूट. या उन्हात इंजिनाला आणि पंखांना ते पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. काका सांगत होते, मे महिन्यात पुष्पकमध्ये दोन माणसं बसली की धावपट्टीचा शेवट यायचा पण उंची यायची नाही. म्हणून शिकवणं पहाटे. दहानंतर विमानं झाडाखाली आणि इन्स्ट्रक्टर पत्त्यांवर.

बोलता बोलता म्हणाले, "बसू का?"

इतक्या महिन्यांत एकदाही बसले नव्हते. मारुतीच्या सीटवर उशी ठेवली, चपला काढल्या. हातांना कंप आहे पण काठी धरल्यावर थांबला. एल-५, धावपट्टी ३३, वारा शून्य. टेकऑफला उजवा पाय असा गेला की मला तो गेलेला दिसलाच नाही, नाक रेषेवरून हललं नाही. चौकोनी चक्कर. फायनल. "चिमणी," असं स्वतःशीच पुटपुटले. तीन चाकांवर, बिनउसळीचं.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि पडद्यावरचं विमान डावीकडे फिरून, पंख घासून, मागे तोंड करून उभं राहिलं.

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. कबुतरंसुद्धा.

"स्प्रिंग कडक आहे तुझी," काका म्हणाले. "पुष्पकचं पेडल असं नव्हतं."

अण्णांनी पान्हा उचलला.

१४ एप्रिल

सकाळी सातला शेडचं शटर वाजलं. काका. रिक्षा दारात थांबवून ठेवलेली, म्हणजे फक्त एकदाच बसायचंय असा बहाणा. स्प्रिंग तिसऱ्या भोकातून पाचव्यात.

काका: ९ लँडिंग, ४ गिरक्या.
मी: ६ लँडिंग, १ गिरकी.
अण्णा: १ टेकऑफ. लँडिंग अजून झालेलं नाही, विमान अक्कलकोटच्या बाजूला कुठेतरी आहे.

रिक्षाचं वेटिंग १८० रुपये, मी दिलं.